पीएफच्या फॉर्मामागची ४१ नावं

माझ्याकडे माणूस येतो तो नोकरी गेल्यावर. पीएफ आणि ईएसआयची (कामगार विम्याची) कामं करते मी. सोलापुरात कन्ना चौकाजवळ दहा बाय बाराची खोली, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अंगठा घ्यायचं मशीन आणि दाराबाहेर चपला. कुठल्या युनिटनं माणसं कमी केली हे पेपरात यायच्या आधी मला त्या चपलांवरून कळतं.

हे प्रकरण अशाच एका माणसाचं. त्यांना विचारून लिहितेय. नाव आणि कारखान्याचं नाव गाळलंय. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. शाळेतले नव्हेत, डाइंग मास्तर. टॉवेल रंगवणारा माणूस.

वय ४४. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात १४ वर्षं. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि आकडेमोड ओठातल्या ओठात तेलुगूतच. शिक्षण बारावी. रंगाचं काम हेल्पर म्हणून शिरून हातावर शिकलेले. पगार हातात ३४ हजार. ३१ जुलै २०२४ ला मालकांनी बोलावून सांगितलं की डाइंग विभाग बंद करतोय, यापुढे माल बाहेर जॉबवर्कला देणार. बॉयलरचं जळण, पाणी, सांडपाण्याचा प्लांट, सगळ्याचा खर्च परवडेना. नऊ जण एका दिवसात घरी. लूम मात्र चालूच राहिले.

लूम चालू राहिले, यातच मास्तरांची पुढची सगळी अडचण आहे. कारखान्याला कुलूप लागलं असतं तर लोक हळहळले असते. कारखाना चालू आणि माणूस घरी म्हटल्यावर सोलापुरात पहिला प्रश्न येतो, 'काय केलं बे यानं?'

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ते आले.

"मॅडम, पीएफ काढायचाय. सगळा."

"सगळा कशाला, मास्तर?"

"मग घरी काय दाखवू?"

घरी सांगितलेलंच नव्हतं. रोज सकाळी साडेसातला डबा घेऊन निघायचे आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, विजापूर रोडला कंबर तलावाच्या काठावर जाऊन बसायचे. तिकडं का, तर पूर्व भागातलं, म्हणजे आमच्या विणकर वस्तीतलं, कुणी भरदिवसा तिकडं फिरकत नाही. डबा बारालाच खायचे. 'बसून भूक जास्त लागते मॅडम,' म्हणाले.

आधी पैशाचं बोलू, कारण ते लवकर संपतं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे नोकरी सुटून महिना झाला की पीएफमधले ७५ टक्के काढता येत होते, दोन महिन्यांनी उरलेले. पेन्शनचा हिस्सा मात्र नाही. दहा वर्षांच्या वर सेवा झाली की तो रोख मिळत नाही, स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे सेवेच्या नोंदीचा दाखला, घ्यावं लागतं. मी पीएफ बाजूला ठेवला आणि ग्रॅच्युइटीचा हिशेब केला. मूळ पगार १६ हजार, गुणिले १५, भागिले २६, गुणिले १४ वर्षं. १,२९,२३१ रुपये. घरखर्च महिना २४ हजार. म्हणजे पाच महिने निघतात. हेल्परना नोकरकपातीची भरपाई मिळाली, वर्षाला १५ दिवसांचा पगार; मास्तरांना नाही, कारण कागदोपत्री ते सुपरवायझर, आणि १० हजारांवर पगार असलेला सुपरवायझर तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार धरला जात नव्हता. भांडता आलं असतं. कोर्ट हुद्द्यापेक्षा प्रत्यक्ष काम काय हे बघतं. मास्तरांना भांडायचं नव्हतं. ग्रॅच्युइटी तीस दिवसांत द्यावी लागते. आली दसऱ्याला, तीही मी दोनदा पत्र लिहिल्यावर.

तर पाच महिने. या पाच महिन्यांत काम शोधायचं होतं, आणि तलावाच्या काठावर ते मिळणार नव्हतं.

घरी सांगा, हे मी पहिल्याच दिवशी म्हणाले. त्यांनी सांगितलं दहा दिवसांनी. वहिनींना आधीच माहीत होतं. डबा परत येतो तेव्हा त्याला रंगाचा आणि वाफेचा वास असतो, तो चौदा वर्षांत पहिल्यांदा येत नव्हता. त्यांनी विचारलं नाही, एवढंच.

१९ ऑगस्टला नारळी पौर्णिमा होती. सोलापुरात त्या दिवशी मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो आणि सगळा पद्मशाली समाज, म्हणजे तेलुगू विणकरांचा समाज, रस्त्यावर असतो. माग बंद, दुकानं बंद. कारखानदार, विणकर, सुताला खळ लावणारे सायझिंगवाले, सुताचे व्यापारी, सगळे एका मिरवणुकीत. नेटवर्किंगवर भाषणं देणारे ज्याला सोन्याची संधी म्हणतील अशी ती जागा. मास्तर गेले, पण गर्दीच्या मागून चालले. ओळखीचं कुणी दिसलं की दुसऱ्या बाजूला. तरी चुलतभावानं गाठलंच.

"काय मास्तर, काय चाललंय?"

"चाललंय की."

मला हे कळल्यावर मी चिडले. चार तास अख्खा टॉवेल धंदा समोरून चालला होता आणि यांनी 'चाललंय की' म्हणून घालवला. आता मागं वळून बघते तेव्हा वाटतं, त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना सांगितलं असतं तरी फारसं काही हाती लागलं नसतं. मोठा भाऊ मागावर, मेव्हणा टॉवेलमध्ये, साडू सायझिंगमध्ये, शेजारी रंगारी. या सगळ्यांना जे माहीत होतं ते मास्तरांनाही माहीत होतं. मंदी एकच, बातम्या त्याच. घट्ट नात्यातली माणसं एकाच विहिरीचं पाणी पितात; आटली की सगळ्यांची एकदम आटते.

दुसरीही एक गोष्ट आहे. आपल्याकडं जवळच्या माणसानं नोकरीसाठी बोलणं म्हणजे 'शब्द टाकणं'. मेव्हण्यानं मालकाकडं शब्द टाकला आणि मास्तरांचं तिथं जमलं नाही, तर मेव्हण्याला ते दर लग्नात, दर बारशाला ऐकावं लागणार. म्हणून जवळचा माणूस काचकूच करतो. त्याला काळजी नसते असं नाही, त्याला पणाला लावावं लागतं ते फार असतं. मेव्हण्यानं शेवटी स्वतःच्याच कारखान्यात १५ हजारांवर देखरेखीला या म्हटलं. मास्तरांनी दोन दिवस विचार केला आणि नको म्हणाले. मला तो नकार पटला. वहिनींना पटला नव्हता, आणि त्यांची बाजूही खोटी नव्हती. फी भरायची ती त्यांनाच दिसत होती.

आता माझ्या दोन चुका.

पहिली, मी त्यांचा बायोडेटा नोकरीच्या वेबसाइटवर टाकला. डिप्लोमा नाही, इंग्रजी बेताचं, म्हणून जिथं पदवीचा रकाना आहे तिथं ते गाळले गेले. फोन आले ते वेगळेच. 'सर, तुमचं सिलेक्शन झालंय, रजिस्ट्रेशनचे १,५०० रुपये भरा.' एकदा तर मास्तर फोनपे उघडून बसले होते. नोकरी देणारा माणूस नोकरीसाठी पैसे मागत नाही, हे मी त्यांना तेव्हा मोठ्यानं सांगितलं. अजूनही खोलीतल्या प्रत्येकाला सांगते.

दुसरी चूक मोठी. एमआयडीसीतल्या कारखान्यांचे ऑफिसवाले ज्यात आहेत अशा एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी टाकलं, 'अनुभवी डाइंग मास्टर, नोकरीची तातडीनं गरज.' चांगल्या मनानं टाकलं. दोन दिवसांत मलाच फोन, 'मॅडम, त्या कारखान्यातून काढलेला तो हाच का?' 'काढलेला' हा शब्द माझ्या मेसेजमध्ये नव्हता. पण 'तातडीनं गरज' होतं, आणि बाकीचं वाचणाऱ्यानं भरलं. गरजू माणसाची कीव येते. त्याच्या हातात कुणी आपला लॉट देत नाही.

ते निस्तरायला एक कागद लागला. जुन्या मालकांकडून अनुभवपत्र, आणि त्यात एक ओळ, की डाइंग विभाग बंद केल्यामुळे सेवा समाप्त. मालक वाईट नव्हते, पण लिहून द्यायला तीन खेपा घालायला लावल्या. 'एवढं लिहायची काय गरज?' म्हणे. गरज होती.

मग सप्टेंबरच्या सुरुवातीला, गणपती बसायच्या आधीच्या गुरुवारी, मी वेगळा उद्योग काढला. एक वाया गेलेला पीएफचा फॉर्म उलटा करून त्यांच्यासमोर ठेवला. म्हटलं, "मास्तर, मित्रांची नावं नकोत. नातेवाइकांची नकोत. गेल्या तीन वर्षांत तुमच्या डाइंगच्या दारात बाहेरून जो जो आला, त्याचं नाव लिहा."

"म्हणजे कोण?"

"येत होतं की कुणीतरी. रंग कोण आणायचं?"

पहिली दहा मिनिटं चार नावं. नंतर पेन थांबेना. रंगाचे एजंट तीन. केमिकलवाले दोन. ड्रायर दुरुस्तीला येणारा मिस्त्री. बॉयलरवाला. सांडपाण्याचे नमुने न्यायला येणारा लॅबचा पोरगा. माल तपासायला मुंबईहून येणारे दोघे, त्यातला एक आता दुसऱ्या खरेदीदाराकडं. मीठ आणि सोड्याचा पुरवठादार. टेम्पोवाला, जो रोज सहा कारखान्यांत जातो. हाताखालून शिकून तिरुपूरला गेलेला हेल्पर. इचलकरंजीहून एकदाच रंगाची शेड, म्हणजे छटा, जुळवायला आलेले एक म्हातारे मास्तर. त्या म्हाताऱ्या मास्तरांचं नाव आठवेना, तर 'चष्मा, इचलकरंजी' असं लिहिलं. एकूण ४१.

हे माझ्या डोक्यातून आलं नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये एक निबंध छापला. बोस्टनजवळच्या न्यूटन गावातल्या ज्या लोकांना ओळखीतून नोकरी लागली, त्यांना त्यानं विचारलं की ज्यानं बातमी दिली त्या माणसाला तुम्ही तेव्हा किती वेळा भेटत होता. वरचेवर भेटणारे निघाले १६.७ टक्के. अधूनमधून, ५५.६ टक्के. वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी, २७.८ टक्के. म्हणजे रोजच्या चहाच्या मित्रापेक्षा कधीतरी भेटणारा माणूस जास्त उपयोगी पडला, कारण तो वेगळ्या वर्तुळात फिरतो. पुढं २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी लोकांवर केलेला अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्यात हेच थोडं दुरुस्त होऊन निघालं: ओळख अगदीच पुसट असली तरी उपयोग नाही, मध्यम पातळ ओळख सगळ्यात कामाची.

न्यूटन गावात पूर्व भाग नाही आणि शब्द टाकायची पद्धतही नसावी. पण मला त्यातून एक गोष्ट नीट दिसली. रंगाचा एजंट मास्तरांच्या लग्नाला आलेला नाही, पण अकरा वर्षं त्यानं मास्तरांचं काम बघितलंय. ओळख पातळ, कामाची खात्री जाड. अशा माणसाकडं शब्द मागायचाच नाही. बातमी मागायची. बातमी द्यायला कुणाचं काही जात नाही.

आपल्याकडं 'ओळखीनं नोकरी' म्हटलं की लोकांना वशिला आठवतो, आणि त्याला कारण आहे. गिरण्यांच्या काळात भरती जॉबरच्या हातात असायची. त्याच्या गावचा, त्याच्या जातीचा, त्याच्या पेठेतला माणूस आत, आणि वर दस्तुरी, म्हणजे भरतीबद्दल त्याला द्यायचे पैसे. मास्तरांचे आजोबा सोलापुरातल्या 'जुनी मिल' नावाच्या गिरणीत होते, १८७७ साली सुरू झालेल्या. आत कसे लागले हे घरात कुणी अभिमानानं सांगत नाही. म्हणून फोन करायचा म्हटलं की मास्तरांचं पहिलं वाक्य, "मॅडम, मला वशिला नको." मी म्हटलं, वशिला तुम्हाला कोण देतंय! तुमच्याकडं द्यायला दस्तुरी तरी आहे का? हसले. त्या महिन्यातलं पहिलं हसणं.

पहिला फोन माझ्यासमोर केला. मिस्त्रीला. अकरा मिनिटं बोलले. त्याच्या पोराची दहावी, गुडघा, पाऊस, एकदाचं पाणी कधी येणार. आमच्याकडं तेव्हा नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, त्यामुळं तो विषय कधीच आटायचा नाही. मग 'बरं, ठेवतो' म्हणून ठेवला. नोकरीचं अक्षर नाही. दुसऱ्या फोनला शेवटी घाईघाईत म्हणाले, 'काही असलं तर बघा.' समोरच्यानं 'बघतो की' म्हटलं. झालं. 'बघतो की' चा अर्थ सोलापुरात सगळ्यांना माहीत आहे.

'काही असलं तर बघा' यात ऐकणाऱ्याला धरायला काही नाही. काय असलं तर? कुठं बघू? मग आम्ही दोघांनी बसून बोलायचं ठरवलं. चार वेळा खोडलं. शेवटी हे राहिलं:

'आमचं डाइंग बंद केलं, नऊ जण निघालो. १४ वर्षं रिअॅक्टिव्ह रंगांचं काम केलंय, नेव्ही, मरून, काळा हे गडद शेड माझ्याकडं असायचे. तुम्ही दहा ठिकाणी फिरता. सध्या कुठल्या डाइंगला शेडचा त्रास चाललाय?'

शेवटचा प्रश्न मास्तरांचा स्वतःचा. मी लिहिलेलं होतं 'कुठं जागा आहे का'. ते म्हणाले, "जागा असली तर मालक भाच्याला सांगतो. त्रास असला तर रंगवाल्याला सांगतो." यापुढचं सगळं प्रकरण या एका वाक्यावर फिरलं, आणि ते माझं नाही.

४१ पैकी सात नंबर बंद निघाले. बाकीच्यांना पाच आठवड्यांत फोन झाले, दिवसाला फार तर दोन, दुपारी तीननंतर, कारण सकाळी डाइंगला कुणी फोन उचलत नाही. बरेच जण 'कळवतो' म्हणाले आणि कळवलं नाही. त्यात वाईट वाटून घ्यायचं नाही हे ठरलेलं होतं, तरी त्यांना वाटायचंच. एकानं सरळ सांगितलं की चौकशी केल्याचं तुमच्या जुन्या मालकाला कळलं तर माझी ऑर्डर जाईल. प्रामाणिक माणूस. सहा जणांनी स्वतःला माहीत नाही म्हणून दुसऱ्याचं नाव दिलं. त्या सहा नावांतली दोन कामाची निघाली. 'चष्मा, इचलकरंजी' सापडले. त्यांनी इचलकरंजीला बोलावलं, प्रोसेस हाऊसला, पगार चांगला. पण घरी पोरगी दहावीला, आई अंथरुणाला. मास्तर गेले नाहीत. पुण्याला जा म्हणणारे तर रोज भेटायचे. सोलापुरात कुणाचीही नोकरी गेली की लोक त्याला सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसवून मोकळे होतात.

मधे एक प्रसंग झाला. एका कारखानदारानं बोलावलं, चहा पाजला, ४० हजार म्हणाले. मग हळूच, 'जुन्या पार्टीची शेड बुकं असतील ना तुमच्याकडं?' मास्तरांकडं एक वही होती. वर्षानुवर्षांची, कोपरे रंगानं कडक झालेली, प्रत्येक पानावर टॉवेलचा बोटभर तुकडा स्टेपल केलेला आणि शेजारी रेसिपी. ती त्यांनी ३१ जुलैला मालकांच्या टेबलावर ठेवली होती. तसं सांगितल्यावर चहा लवकर संपला. पुढं त्यांचा फोन नाही. मास्तरांना चांगुलपणाचं काही बक्षीस मिळालं असंही नाही. ४० हजार गेले ते गेलेच.

बातमी आली ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, रंगाच्या एजंटकडून. तिघांतला सगळ्यात कमी बोलणारा. अशोक चौकातल्या एका टपरीवर भेटले. तो म्हणाला, चिंचोलीला एक युनिट आहे, नेव्ही टॉवेलचा माल परत आलाय, रंग सुटतोय. मालक म्हणतो तुझा रंग खराब. माझा रंग खराब नाही, पण मी सिद्ध कसं करू? मी विकणारा माणूस, मला मशीन कुठं चालवता येतं?

मास्तर म्हणाले, "उद्या येतो तुमच्याबरोबर. बघू."

पुढचं मास्तरांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की मी तिथं असल्यासारखं वाटतं. गेल्यावर त्यांनी रंगाच्या डब्याला हात लावला नाही. खिशातला पांढरा रुमाल काढला, ओला केला, परत आलेल्या टॉवेलवर दहा वेळा घासला. निळा. मग एका रिकाम्या बाटलीत धुलाईला वापरायचं पाणी घेतलं, त्यात साबणाचा चुरा टाकून हलवलं. फेस येईना, वर नुसती पांढरी साय. पाणी जड. पाणी मऊ करायचा प्लांट होता, पण त्याला ठरावीक दिवसांनी मिठाचं पाणी देऊन ताजं करावं लागतं, आणि मिठाची पोती भिंतीला लावलेली तशीच, वर धूळ. कुणी किती दिवसांत हात लावला नव्हता ते धूळच सांगत होती.

दुसरी गोष्ट त्यांनी उभं राहून बघितली. रिअॅक्टिव्ह रंग धाग्याशी कायमचा जोडला जातो, पण सगळा नाही. जो जोडला जात नाही तो धुऊन काढावाच लागतो. तिथले हेल्पर वेळ वाचवायला रंगाचं पाणी सोडलं की थेट गरम साबण मारत होते. पण रंगवताना घातलेलं मीठ आधी साध्या पाण्यानं काढलं नाही, तर तो सुटा रंग धाग्याला धरून बसतो, कितीही साबण मारा. मास्तरांनी प्लांट ताजा करून घेतला, दोन साधी धुणी, मग उकळीच्या जवळ साबण, परत एकदा साबण, मग गरम, मग गार. संध्याकाळी सातला दुसरा रुमाल घासला. जवळजवळ पांढरा. तो रुमाल युनिटच्या मालकांनी टेबलाच्या काचेखाली ठेवलाय म्हणे.

या दिवसाचे मास्तरांनी पैसे घेतले नाहीत. मी म्हटलं, एकदा ठीक, दुसऱ्यांदा फुकट गेलात तर मी बोलणार नाही. नोकरी नसलेल्या माणसाचा वेळ लोकांना फुकटच वाटतो, आणि त्यालाही तसंच वाटायला लागतं. दुसऱ्या वेळी ते १,२०० रुपये आणि पेट्रोल मागून गेले. मिळाले.

मला वाटलं होतं चिंचोलीचं युनिट त्यांना ठेवून घेईल. नाही घेतलं. त्यांच्याकडं मास्तर होता, मालकाचा नातेवाईक. चूक सापडली, संपलं. पण एजंटच्या डोक्यात वेगळंच चक्र सुरू झालं होतं. त्याची पंधरावीस गिऱ्हाइकं, प्रत्येकाकडं कधी ना कधी तक्रार, आणि प्रत्येक तक्रारीत दोष रंगाचा. त्याला रंगाबरोबर एक माणूस लागत होता जो जाऊन रुमाल घासून दाखवेल. अशी जागा कुणीही कुठं जाहिरातीत दिलेली नव्हती. एजंटलाही ती त्या संध्याकाळपर्यंत माहीत नव्हती. दिवाळी झाल्यावर, ११ नोव्हेंबर २०२४ पासून मास्तर त्याच्याकडं लागले. २८ हजार, पेट्रोल वेगळं. आधीपेक्षा सहा हजारांनी कमी. ग्रॅच्युइटीतले पन्नास हजारांच्या आसपास उरले होते, पीएफला हात लागला नव्हता.

हे प्रकरण मी चांगलं म्हणून सांगतेय, पण त्यात एक गाठ आहे आणि ती माझ्याच धंद्यातली. एजंटकडं मास्तर धरून सहा माणसं. पीएफ सक्तीचा होतो वीस माणसांपासून. म्हणजे पीएफवाल्या बाईनं आपल्या माणसाला बिनपीएफच्या नोकरीत पोचवलं. मालक आणि माणसं दोघांची संमती असली तर कमी माणसांतही स्वतःहून पीएफ घेता येतो. मी तो कागद तयार करून एजंटकडं पाठवला, बरोबर महिन्याला किती जाईल त्याचा हिशेबही.

जुन्या कारखान्यानं पीएफच्या पोर्टलवर नोकरी सुटल्याची तारीख ३१ जुलैऐवजी ३० जून टाकलीय. जुलैचा हप्ता भरलेला आणि माणूस जूनमध्येच गेलेला, त्यामुळं ते दुरुस्त करून घ्यायचं काम अजून माझ्या टेबलावर आहे. आणि एजंट पीएफचं म्हणाला, "बघू मॅडम, दिवाळीनंतर."

कुठल्या दिवाळीनंतर ते त्यानं सांगितलं नाही. मास्तर म्हणतात, विचारतो, पण आत्ता नको, आत्ता काळ्या शेडची तक्रार आलीय.